मुदत संपलेली नोंदणी आणि डिकीतले रिव्हॉल्व्हर

ब्राझीलमध्ये कायम वास्तव्यास असलेल्या एका मराठी वाचकाने विचारले आहे, की ज्याच्या नोंदणीची मुदत गेल्या वर्षी संपली ते .38 चे रिव्हॉल्व्हर कांपिनासहून कुरितिबाला घर हलवताना, गोळ्या काढून, डिकीत कुलूपबंद नेले तर चालेल का, आणि नूतनीकरण नव्या घरी गेल्यावर केले तर भागेल का. याच धाटणीची पत्रे वरचेवर येतात.

चालणार नाही. आपल्याकडे परवान्यावर हद्द लिहिलेली असते आणि त्या हद्दीत शस्त्र सोबत नेता येते. त्या सवयीने आपण ब्राझीलचे प्रमाणपत्र वाचले, असे दिसते. तेथील 2003 च्या कायदा क्रमांक 10.826 चे कलम 5 नोंदणीधारकास शस्त्र केवळ स्वतःच्या राहत्या घरात, अथवा तो स्वतः मालक वा कायदेशीर जबाबदार असेल अशा कामाच्या जागी, ठेवू देते. घराचा उंबरठा ओलांडला, की फेडरल पोलिसांचा स्वतंत्र वाहतूक परवाना लागतो. तो नसल्यास कलम 14 लागते आणि शिक्षा 2 ते 4 वर्षांची आहे. शस्त्रात गोळ्या नव्हत्या हा बचाव तेथील न्यायालये मानत नाहीत.

मुदत संपलेली नोंदणी हा गुन्हा नसून प्रशासकीय कसूर आहे, असे आपण कोठेतरी वाचले आहे. ते खरे आहे, परंतु सुपीरियर ट्रिब्यूनल या तेथील वरिष्ठ न्यायालयाने 2015 मध्ये दिलेली ही सवलत घरात ठेवलेल्या शस्त्रापुरती आहे, रस्त्यावरच्या नव्हे. आपल्या प्रमाणपत्राला 2019 च्या सरकारी आदेशातील दहा वर्षांची मुदत लागू आहे की 2023 च्या आदेशातील पाच वर्षांची, हे कागद पाहिल्याखेरीज सांगता येणार नाही. तो तेथील वकिलास दाखवा. वर्षभर तो कागद उघडूनही न पाहता आता सामान बांधताना प्रश्न विचारणे, हे मात्र अनाकलनीय आहे.

खरी अडचण वेगळीच आहे आणि पत्रात ती एका ओळीत उरकली आहे: जुन्या घराच्या किल्ल्या महिनाअखेरीस परत द्यायच्या आहेत. त्या दिवसापासून ते घर आपले राहते घर उरत नाही, म्हणजे शस्त्र ठेवण्यास कायदेशीर जागाच राहत नाही. मित्राकडे ठेवण्याचा विचार सोडून द्या. कलम 14 मध्ये सोपवणे, स्वीकारणे व सांभाळणे हीही कृत्ये आहेत, तेव्हा मित्रही अडकेल. शिवाय परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारे आणि शस्त्रांची नोंद ठेवणारे पोलीस तेथे एकच आहेत, आणि हेतुपुरस्सर गुन्ह्यात शिक्षा कायम झाल्यास 2017 च्या स्थलांतर कायद्यानुसार हकालपट्टीचा प्रश्न उद्भवू शकतो. पत्नी अथवा मूल ब्राझिलियन असल्यास संरक्षण मिळू शकते. आपण त्याबद्दल काही लिहिलेले नाही.

म्हणून घरमालकाकडून लेखी मुदतवाढ घ्या, मग ज्यादा भाडे पडले तरी चालेल. त्या काळात मानसशास्त्रीय व तांत्रिक चाचणीसह नूतनीकरणाचा अर्ज करा आणि पत्ता बदलाचा वाहतूक परवाना हाती येईपर्यंत शस्त्र जागचे हलवू नका. शस्त्र नकोच असेल, तर कलम 32 खाली ते स्वेच्छेने जमा करता येते व बेकायदा ताब्याची शिक्षा टळते. मात्र जमा करायला नेण्यासाठीही तोच परवाना आधी काढावा लागतो.