गोकाक धबधब्याच्या कड्यावरून दगड ९.८ मीटर प्रति सेकंद वेगानं सरळ वर फेकला तर खाली पोचायला किती सेकंद? वर जाणं आणि खाली येणं वेगळं वेगळं करायचं का?

वेगळं करायची गरज नाही बघ, फर्स्ट पीयूसीला (म्हणजे अकरावीला) सगळे तिथंच वेळ घालवतात. धबधबा साधारण ५२ मीटर धर आणि तू दिलेला वेग ९.८ मीटर प्रति सेकंद. वरची दिशा प्लस ठरवली की शेवटपर्यंत तीच ठेवायची, म्हणजे विस्थापन −५२, त्वरण −९.८, वेग +९.८. दगड मधे कितीही वर जाऊन येऊ दे, विस्थापन सुरुवात ते शेवट एवढंच बघतं.

एस = यूटी + ½एटी² (एस विस्थापन, यू सुरुवातीचा वेग, ए त्वरण, टी वेळ) मधे घातलं की −५२ = ९.८टी − ४.९टी², सोडवलं की टी = ४.४१ किंवा −२.४१. उत्तर ४.४१ सेकंद, आणि खाली आदळताना वेग ३३.४ च्या आसपास, म्हणजे ताशी १२० किलोमीटर (हवेचा विरोध सोडून हं).

ते मायनस उत्तर पण अगदीच फालतू नाही, कुणी खालच्या घटप्रभा नदीच्या पात्रातून २.४१ सेकंद आधी ३३.४ ने दगड वर मारला असता तर तो नेमका तुझ्या हातापाशी ९.८ च्या वेगानं आला असता, गणिताला काय माहीत तू कधी फेकलास ते.

आणि सगळ्यात वर वेग शून्य होतो, त्वरण नाही, ते तिथं पण ९.८ खालीच, नाहीतर दगड तिथंच लटकून राहिला असता की. एवढ्यावर हमखास मार्क जातात.

खरोखर फेकून बघू नको, खाली माणसं असतात.