बेकरीत दरवर्षी मेडिकल होतं, मग पिठाच्या धुळीसाठी वेगळी तपासणी लागते का?

हो, लागते. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) स्वच्छता नियमांतल्या शेड्युल ४ नुसार होणारं वार्षिक मेडिकल मुख्यतः खाणाऱ्याच्या सुरक्षेसाठी असतं. त्यात त्वचा, डोळे, संसर्गजन्य आजार आणि टायफॉइडची लस बघतात. पिठाने कामगाराच्या फुफ्फुसांचं काय होतंय, हे त्यातून कळत नाही. गव्हाचं पीठ आणि ब्रेड इम्प्रूव्हरमधलं (ब्रेड चांगला व्हावा म्हणून पिठात घालतात त्या मिश्रणातलं) अमायलेज हे एन्झाइम, दोन्हींमुळे दमा होतो, आणि तो कधीकधी नोकरी लागल्यावर काही वर्षांनी उघड होतो. बऱ्याचदा आधी नाक गळतं, शिंका येतात, डोळे चुरचुरतात. सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं. ही खूण सोडू नका.

कंपनीकडे एवढं तरी मागाच:
- कामावर घेताना आणि नंतर ठरावीक काळाने श्वसनाची प्रश्नावली व स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजायची चाचणी)
- हवेतल्या धुळीचं मोजमाप (ब्रिटनमध्ये आठ तासांच्या सरासरीची कायदेशीर मर्यादा घनमीटरला १० मिलिग्रॅम आहे, आणि तेवढ्यातही त्रास होऊ शकतो)

गोणी मिक्सरमध्ये उलटी करून रिकामी झटकणं आणि कोरड्या झाडूने फरशी झाडणं, माझ्या मते आधी हेच बंद करायला हवं.

मात्र स्पायरोमेट्री नॉर्मल आली म्हणून दमा नाही, असं समजू नका. शंका असेल तर डॉक्टर पीक फ्लो मीटर देतात, म्हणजे जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर येते ते मोजणारं छोटं यंत्र. कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशी, दिवसातून चारदा, दोन ते चार आठवडे आकडे लिहून ठेवायचे.