लिझ लॉकहेड यांच्या पहिल्या संग्रहात जवळीक आणि दुरावा एकत्र कसे येतात?

प्रश्न ‘मेमो फॉर स्प्रिंग’ (१९७२) या संग्रहाबद्दल आहे. स्कॉटलंडमधल्या मदरवेलला जन्मलेल्या, ग्लासगोत चित्रकला शिकलेल्या कवयित्री लॉकहेड तेव्हा जेमतेम पंचविशीच्या होत्या. माझ्या मते दुरावा सगळ्यात जास्त जाणवतो तो बहिणीवरच्या कवितेत. बारा वर्षांची धाकटी बहीण ताईचे उंच टाचांचे बूट घालून मिरवते. ते आपल्याला अगदी नीट बसतात म्हणते, पण त्यात डगमगते. ठिक्कर खेळताना मात्र तिचा पाय एकदाही चुकत नाही. ताई तिला पाहत असते, तिला सावध करू बघते आणि स्वतःच्या पायांवरची कुरुपं, घट्टे दाखवते. आपल्या चुका हिच्या वाट्याला येऊ नयेत एवढंच तिला वाटतं. किती माया आहे यात! पण बहिणीनं आपल्या बुटांत पाय घालू नये असंच तिला वाटतं, आणि मला तर दुरावा तिथेच दिसतो.

‘रेव्हलेशन’मध्ये शेतावर अंडी-दूध आणायला गेलेली मुलगी काळा वळू बघते. त्याचं नाव बॉब, अगदी घरातल्या माणसासारखं. तरी ती घाबरून पळते, वेण्या पाठीवर आपटतात, दूध सांडू नये म्हणून थरथरता हात भांड्याच्या काठावर. नाव ठेवल्यानं वळू काही आपला होत नाही.

प्रेमकवितांकडे नंतर वळा. या दोन आधी वाचा, आणि शक्यतो मोठ्यानं वाचा, कारण लॉकहेड यांची भाषा बोलण्याच्या अगदी जवळची आहे.