तणनाशकानं बेडूक मरत नाहीत, मग त्यांची रोगप्रतिकारशक्ती कमी होते हे कशावरून?

"मरत नाहीत" हेच माझ्या दिरांनी आठ वर्षांपूर्वी मला ऐकवलं होतं, म्हणून लिहिते.

आमचं रान सांगलीच्या वाळवा तालुक्यात, ओढ्याला लागून. उसाची आडसाली, म्हणजे पावसाळ्यातली, लागण झाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओलीवर अॅट्राझीन हे तणनाशक मारायचं आणि फवारणीचा पंप ओढ्यात खळबळून घ्यायचा, ही घरची रीत. त्या पावसाळ्यात लेकीनं शाळेत दाखवायला डबक्यातून बरणीभर बेडूकमासे आणले. हात घातला तरी पळेनात. कातडीखाली मोहरीपेक्षा बारीक गाठी. डबक्यावर जाऊन बघितलं तर पाणी तळ दिसेल इतकं नितळ, दगडांवर शेवाळ आणि पाण्यातल्या गोगलगायी अशा दाटलेल्या की पाय कुठं ठेवू कळेना. मेलेला बेडूक मात्र एकही नाही.

बी.एस्सी.ला माझा प्राणिशास्त्र विषय होता. रात्री जेवताना मी हे काढलं. दीर म्हणाले, "वहिनी, तणाचं औषध हाय ते. बेडकं मेली का? न्हाई न्हवं? मग?" मामाही, म्हणजे माझे सासरे, काही बोलले नाहीत. मला उत्तर सुचलं नाही, ते फार लागलं.

उत्तर मला नंतर सापडलं. अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या पाणथळींवरचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झालाय. अॅट्राझीननं पाण्यात तरंगणारं बारीक शेवाळ मरतं, ऊन तळापर्यंत जातं, तिथलं शेवाळ फोफावतं आणि ते खाऊन गोगलगायी वाढतात. चपट्या कृमींची पिलावळ याच गोगलगायींत वाढते आणि बाहेर पडून बेडूकमाशांच्या अंगात शिरते. त्याच औषधानं बेडकाच्या अंगातल्या, कृमींशी लढणाऱ्या पेशीही कमी होतात. म्हणजे रोग वाढला आणि सोसायची ताकद घटली, दोन्ही एकाच पंपातून. मधमाश्यांचंही तसंच. क्लोथियानिडिन या कीटकनाशकाच्या अगदी थोड्या मात्रेनं त्यांची प्रतिकारशक्ती दबते आणि पंख वाकडे करणारा विषाणू अंगात वाढतो, हे २०१३ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं. माशी औषधानं जागेवर मरत नाही, म्हणून फवारणाऱ्याला पटत नाही.

मेलं नाही म्हणजे बाधलं नाही, हा हिशेबच चुकीचा आहे. दुकानदारही तेच सांगतो, कारण त्याला डबा खपवायचा असतो.

एक कबूल करते. आमच्या ओढ्याचं पाणी मी तपासून घेतलेलं नाही, त्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेल्या नाहीत. वरच्या अंगाच्या रानांतला युरियाही त्याच पाण्यात उतरतो, त्यानंही शेवाळ वाढतं. सगळ्याच औषधांचा परिणाम सारखा असतो असंही नाही. पण युरोपीय संघानं अॅट्राझीन भूजलात उतरतं म्हणून २००४ मध्येच बंद केलं, आणि आपल्याकडं ते पोत्याशेजारी उघडं पडलेलं असतं.

तुमचं रान ओढ्याकाठी असेल तर पंप पाण्यात धुऊ नका, धुवण बांधापासून लांब कोरड्या रानात टाका. काठाच्या चार सऱ्या खुरप्यानं भांगलून घ्या. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, पाचट पेटवू नका, पसरा, तण कमी येतं. भांगलणीला बायका मिळत नाहीत म्हणतात, पण हे औषध आल्यावर त्यांची हजेरी आपणच बंद केली.

आमच्या चार सऱ्या मी स्वतः भांगलते. वाटणी झाल्यापासून दिरांचं रान वरच्या अंगाला आहे आणि पंप अजून ओढ्यातच धुतला जातो. यंदा लागणीआधी तो २००८ चा अभ्यास मराठीत लिहून त्यांच्या हातात देणार आहे. मामांच्या समोर.