पहिल्याच सोलो टूरमधला वाईट दिवस

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस आणि मग किनाऱ्याने सायकलवर एकट्याने गोवा, हा तुझा बेत झकास आहे. पण एक दिवस सगळं बिनसणार हे धरूनच नीघ. पंक्चर, समोरचा वारा आणि हुकलेली फेरीबोट यांना एकत्रच यायची खोड असते.

पंक्चर झालं की नवी ट्यूब घालायची घाई नको. आधी टायरच्या आतून जपून बोट फिरव. काटा किंवा तार तिथेच रुतलेली असते, ती राहिली की नवी ट्यूबही गेली. घरी दोनदा करून बघ. सोबत एवढंच:
- दोन ट्यूब, पॅच
- पंप, टायर लिव्हर (टायर रिमवरून उचकटायची पट्टी)

मरीन ड्राइव्हच्या सपाटीवरचा हिशोब कोकणात लावू नकोस. तिथे खाडीपाशी उतरलास की पलीकडे चढ आलाच, म्हणजे वेळ जास्त लागणार. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे या फेरीबोटींच्या शेवटच्या वेळा म्हणून आदल्या दिवशीच विचारून ठेव.

नवखे लोक भर दुपारी, उपाशीपोटी टूर सोडायचं ठरवतात. सावलीत बस, खा, मीठ-साखरेचं पाणी पी, मग ठरव. तरीही पाय उचलत नसतील तर सरळ टेम्पोला हात कर, त्यात कसली लाज! अंधारात घाट मात्र अजिबात नको.

गिअर, क्लीट (बूट पेडलला अडकवणारी पट्टी) वगैरे नंतर बोलू.