परदेशात विनाखटला कोठडीत असलेल्या नातेवाइकासाठी संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाकडे थेट तक्रार करता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आखाती देशात नोकरीला असलेल्या भावाला काही महिन्यांपासून आरोपपत्राशिवाय डांबून ठेवलंय, तिथल्या वकिलाने हात टेकलेत. घरच्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे जावं का, आणि जाऊन काय पदरात पडेल?

जाता येतं. वकील सक्तीचा नाही, फी नाही. त्या देशातल्या कोर्टांच्या सगळ्या पायऱ्या आधी संपवा, अशीही अट नाही.

आधी दार मात्र बरोबर निवडा. मानवी हक्क परिषदेचे तज्ज्ञांचे कार्यगट बरेच आहेत, पण तुमच्या कामाचे दोनच. भाऊ कुठे आहे हे माहीत असेल, तर 1991 साली नेमलेला मनमानी अटकेविषयीचा कार्यगट. पोलिसांनी नेलं आणि आता ‘आमच्याकडे असा कुणी नाही’ म्हणत असतील, तर 1980 पासून काम करणारा सक्तीने बेपत्ता केलेल्यांविषयीचा कार्यगट. हा दुसरा गट दोष कुणाचा ते ठरवत बसत नाही. माणसाचा छडा लागेपर्यंत सरकारकडे विचारणा चालू ठेवतो. बेपत्ता होऊन तीन महिने उलटले नसतील, तर ते तातडीचं प्रकरण धरलं जातं. भावाचा ठावठिकाणा तुम्हाला माहीत आहे असं धरून पुढचं सगळं पहिल्या गटाबद्दल लिहितो.

या गटात पाच तज्ज्ञ असतात, जगाच्या पाच प्रादेशिक विभागांतून एकेक. त्यांना पगार नसतो. वर्षातून तीनदा जिनिव्हात बैठका होतात. सदस्याच्या स्वतःच्या देशाचं प्रकरण आलं की तो चर्चेतून बाजूला होतो. तुमच्या तक्रारीच्या तपासासाठी कुणी तुरुंगात जाऊन भावाला भेटणार नाही, साक्षीदार बोलावणार नाही. निवाडा कागदावर होतो, त्यामुळे तुमचा कागद जितका भक्कम तितकं प्रकरण भक्कम.

गट पाच प्रकारांत विचार करतो. एक, अटकेला कायद्याचा आधारच नाही (शिक्षा संपूनही सोडलं नाही, हे ठळक उदाहरण). दोन, बोलणं, लिहिणं, सभा, धर्म अशा हक्कांच्या वापराबद्दल पकडलं. तीन, न्याय्य सुनावणीचे नियम गंभीरपणे मोडले. चार, आश्रय मागणारे किंवा स्थलांतरित दाद मागण्याची सोय नसताना दीर्घकाळ स्थानबद्ध आहेत. पाच, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व वगैरेंवरून भेदभाव. तक्रारीत प्रकार नावानिशी लिहा आणि प्रत्येकाखाली त्याला लागू पडणाऱ्या घटनाच मांडा. तुम्ही सांगताय त्यावरून पहिला आणि तिसरा लागू पडण्यासारखे दिसतात. अटकेनंतर भारतीय दूतावासाला कळवण्याचा हक्क भावाला सांगितला होता का, हे जरूर विचारा. सांगितला नसेल तर तिसऱ्या प्रकारात तो वजनदार मुद्दा आहे.

बहुतेक अर्ज लंगडे पडतात ते घटनाक्रमात. ‘माझ्या निर्दोष भावाला बेकायदा उचलून नेलं’ या वाक्याचा गटाला काही उपयोग नाही. असं लिहा: ‘अमुक तारखेला रात्री 11च्या सुमारास साध्या वेशातले चार जण खोलीवर आले. वॉरंट दाखवलं नाही, कारण सांगितलं नाही. फोन आणि पासपोर्ट घेतला. न्यायाधीशापुढे पहिल्यांदा अमुक तारखेला, म्हणजे 23 दिवसांनी, नेलं. तोपर्यंत वकील भेटला नाही.’ कोणत्या यंत्रणेचे लोक, कोणत्या कायद्याचं कलम, आत्ता कुठल्या तुरुंगात, तिथे काय दाद मागितली, हेही लिहा. तारीख नक्की ठाऊक नसेल तर ‘सुमारे’ म्हणा. अंदाजाने ठोकलेली तारीख सरकारने खोडली की बाकीच्या मजकुरावरचा विश्वासही जातो. गैरसोयीची गोष्टही लपवू नका, सरकारच्या उत्तरात ती येणारच.

भाऊ निर्दोष आहे हे सिद्ध करण्यात पानं घालवू नका. हे अपील कोर्ट नाही, पुरावा नव्याने तोलला जात नाही. नुसत्या वाईट जेवणाची किंवा गर्दीची तक्रारही इथली नाही.

कायद्याच्या भागात एक चूक हमखास दिसते. सौदी अरेबिया आणि यूएई नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे सदस्य नाहीत, तरी लोक त्याच कराराची कलमं लावत बसतात. अशा देशांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यातल्या 9 आणि 10 या कलमांवर भिस्त ठेवा. देशाने करार केलेला नसला तरी या गटाकडे जाता येतं. याउलट, भारताने तो करार 1979 साली स्वीकारला, पण वैयक्तिक तक्रारीची मुभा देणारा त्याचा जोड-करार स्वीकारलेला नाही. त्यामुळे भारताविरुद्ध त्या कराराच्या समितीकडे जाता येत नाही, इथे मात्र येतं.

मजकूर जोडपत्रांसह 20 पानांत बसवा, पुढची पानं वाचली जातीलच असं नाही. भाषा इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश. अरबी कागदांतला महत्त्वाचा भाग भाषांतर करून द्या. गटाची छापील प्रश्नावली मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाच्या संकेतस्थळावर मिळते. भावाची, ते शक्य नसेल तर जवळच्या कुटुंबीयांची संमती लागते. तक्रारदाराचं नाव सरकारला कळवत नाहीत, पण भावाचं कळतंच. त्याचा तिथे काय परिणाम होईल, हे घरात बसून आधी ठरवा.

जिवाला किंवा तब्येतीला धोका असेल तर तातडीचं आवाहनही मागता येतं. त्यातून सरकारला पत्र जातं, अटक मनमानी आहे की नाही याचा निर्णय होत नाही. निर्णय हवा असेल तर नियमित प्रक्रियाही मागितली आहे, हे स्पष्ट लिहा.

नियमित प्रक्रियेत सरकारला 60 दिवस मिळतात, मागितल्यास जास्तीत जास्त एक महिना वाढवून. उत्तर आलं तर ते तुमच्याकडे टिप्पणीसाठी येतं आणि वेळ थोडा असतो, म्हणून ईमेल रोज बघा. उत्तर नाही आलं तरी गट निर्णय देऊ शकतो. तुमचं म्हणणं प्रथमदर्शनी पटलं, तर ते खोडायची जबाबदारी सरकारवर येते. ‘सगळं कायद्याप्रमाणे झालं’ एवढं म्हणून सरकार मोकळं होत नाही. मधल्या काळात भाऊ सुटला, त्याला हलवलं किंवा शिक्षा झाली, तर लगेच कळवा.

आता उपयोगाचं. अटक मनमानी ठरली तर गट सहसा ताबडतोब सुटका आणि भरपाई सुचवतो. पण ते मत असतं, अंमलबजावणीला त्याच्याकडे पोलिस नाहीत. विकिलीक्सचे ऑस्ट्रेलियन संस्थापक ज्युलियन असांज यांच्या बाजूने डिसेंबर 2015मध्ये मत दिलं, ब्रिटनने ते मानलं नाही; त्या वेळी एका सदस्याने विरोधी मत नोंदवलं आणि ऑस्ट्रेलियाच्या सदस्या बाजूला राहिल्या होत्या. तळोजा तुरुंगात ठेवलेल्या स्टॅन स्वामींची अटक मनमानी असल्याचं मत नोव्हेंबर 2021मध्ये आलं, तोवर त्यांच्या मृत्यूला चार महिने झाले होते.

म्हणून माझ्या मते याच्या भरवशावर बाकीचे प्रयत्न थांबवू नका. दूतावास आणि तिथला वकील चालूच ठेवा. मत मिळालं तर ते वकिलाच्या अर्जाला जोडा, परराष्ट्र मंत्रालयाला द्या, खासदारांच्या हातात ठेवा. सरकारने काय केलं याची माहिती गट सहा महिन्यांच्या आत दोन्ही बाजूंकडून मागतो. सरकारने काहीच केलं नसेल, तर तसं लेखी कळवा.