मोर दाखवून ले-आउट थांबत नाही, आधी सातबारा काढा

ताई, तुम्ही लिहिलं की नागपुरात हिंगणा रोडकडच्या तुमच्या सोसायटीमागच्या माळावर ले-आउटचे प्लॉट पाडायला पोकलेन आलाय, मोर, ससे, रोही (नीलगाई) सगळे पळून राहिले, अन् आता सह्या घेऊन कलेक्टरला निवेदन द्यायचं का. द्या की, पण ते नंतर. आधी त्या जमिनीचे गट नंबर शोधा.

आमच्याकडं सहा-सात वर्षांआधी हेच झालं. पळस, बोरी, तरवड, कमरेएवढं गवत, उन्हाळ्यात टिटवीची अंडी उघड्या मुरमावर, अंधार पडला की रातवे पक्षी. आम्ही सह्या केल्या, मोराचा फोटो पेपरात आला, सगळे खूश, अन् तिकडं टिप्पर येतच राहिले. मोर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे, तो कायदा त्याला मारू देत नाही, पण तो ज्याच्या खाजगी शेतात नाचतो ते शेत एनए (बिगरशेती) होऊ नये असं त्यात कुठंच नाही ना! मग कॉलनीतले एक रिटायर्ड तलाठी काका म्हणाले, बाप्पा, सातबारा पाहिला का कोणी? तीन गट होते, दोन खाजगी, पण ले-आउटचा रस्ता ज्या तिसऱ्यातून काढला होता तो सरकारी, नोंद झुडपी जंगल. रस्ताच अडला. खाजगी दोन गटांवर पुढं प्लॉट पडलेच, ते काही वाचलं नाही, पण तिसऱ्यात आजही तितर ओरडतो.

ही झुडपी जंगलची नोंद आपल्या पूर्व विदर्भातलीच, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. खुरटी झाडं म्हणून लोक पडीक म्हणतात, पण टिटवी, ससा यांना असाच उघडा माळ लागतो, दाट झाडीत त्यांचं काय काम. सुप्रीम कोर्टानं २२ मे २०२५ ला स्पष्टच सांगितलं की त्यांच्याच १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाप्रमाणे हे जंगलच धरायचं, म्हणजे केंद्राच्या मंजुरीशिवाय दुसरं काही करता येत नाही. ३ हेक्टरपेक्षा लहान तुटक तुकड्यांनाही संरक्षित वन करायला सांगितलंय, त्यामुळं 'एवढासा तर आहे' हे कोणी ऐकवलं तर ऐकू नका.

सातबारा ऑनलाइन निघतो, पण तेवढ्यावर थांबू नका, तलाठ्याकडून जुनं निस्तार पत्रक मागा, चराई अन् गावाच्या सामाईक वापराच्या जागा कुठं होत्या ते त्यात असतं. अन् नकाशावर नाला पाहा, ले-आउटवाले सगळ्यात आधी नालाच बुजवतात.

जमीन पूर्ण खाजगी निघाली तर अवघड आहे, खोटं कशाला सांगू. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, ती माहिती अधिकारात मागा. शेती झोन बदलायची नोटीस निघाली तर मुदतीत लेखी हरकत टाका, पोच घ्या. ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते, बहुतेक कागदावरच, तिच्या नोंदवहीत हा माळ अन् इथले पक्षी चढवून घ्या, पुढं कामात येतं.

अन् फोटो आजपासून काढा, तारीख अन् लोकेशनसकट. हरित लवादात (पर्यावरणाची प्रकरणं ऐकणारं न्यायपीठ) जायचं झालं तर तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिन्यांत जावं लागतं, आम्ही तिथंच माती खाल्ली होती, पोकलेन कधी आला ते कोणालाच नीट सांगता येईना.

गट नंबर मिळाले की मला कळवा, नकाशा सोबत बसून पाहू.